सलायका दरीतला वाढत जाणारा धबधबा

धबधबा म्हटला की पाणी खडक झिजवत असणार, असे आपण सह्याद्रीतली माणसे गृहीतच धरतो. हंगेरीच्या ईशान्येला, ब्युक डोंगररांगेतील सलायका दरीत मात्र पाणी खडक घडवताना पाहायला मिळते, आणि केवळ तेवढ्यासाठी वाट वाकडी करून तिथे जावे, असे मला मनापासून वाटते.

दरीचे तोंड सिल्वाशवाराद या गावात आहे. एगर शहरापासून ते सुमारे ३० किलोमीटरवर येते. १९७७ साली स्थापन झालेल्या ब्युक राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग बीच नावाच्या उंच झाडांनी भरलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता आणि पानांवर तांब्याचा रंग चढला होता.

फात्योल धबधबा उंचीच्या हिशेबाने किरकोळच म्हणावा लागेल. सुमारे १७ मीटर लांबीच्या उतारावरून पाणी पायरीपायरीने खाली येते. नवल आहे ते या पायऱ्यांचे. पावसाचे पाणी जंगलातल्या मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, त्यामुळे किंचित आम्ल होते आणि डोंगराच्या पोटातली चुनखडी विरघळवत जाते. तेच पाणी झऱ्यातून बाहेर पडून दगडांवर आपटू लागले की तो वायू निसटतो आणि विरघळलेली चुनखडी शेवाळावर, पानांवर, काटक्यांवर थराथराने बसू लागते. एका पायरीच्या कडेशी वाकून पाहिले, तर शेवाळाचे शेंडे ओले, हिरवेगार होते आणि त्याच शेवाळाचे बूड पिवळसर करड्या, बारीक छिद्रांच्या दगडात रुतलेले होते. जिवंत वनस्पती कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो, हे बोटाने दाखवणे अवघड होते. हा दगड ठिसूळ असतो, म्हणून छायाचित्रासाठी त्या पायऱ्यांवर पाय ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती करावीशी वाटते की, कृपया काठावरच थांबा.

वर जाण्यासाठी अरुंद रुळांची छोटी रेल्वे आहे. पूर्वी जंगलातले लाकूड वाहून नेण्यासाठी ती वापरली जाई. चढताना गाडीने जावे आणि उतरताना ओढ्याच्या काठाने पायी यावे, हे उत्तम. वाटेत उघड्यावर मांडलेले वनसंग्रहालय लागते. लाकडाचा कोळसा पाडणाऱ्यांचे आणि चुना भाजणाऱ्यांचे कष्टाचे जीवन तिथे समजते, आणि ज्या चुनखडीने धबधबा घडवला त्याच चुनखडीवर इथल्या कित्येक कुटुंबांची चूल पेटत होती, हेही लक्षात येते.

याच थंड, निर्मळ पाण्यावर खाली ट्राउट माशांची तळी आहेत. तळ इतका स्पष्ट दिसतो की माशांच्या अंगावरचे ठिपके मोजता यावेत. दरीच्या तोंडाशी धुरी दिलेला ट्राउट विकत मिळतो. मासे खाणाऱ्यांनी तो गरम असतानाच खावा; काटे सहज निघतात.