पहिला गेम: दोन फळ्या आणि एक चेंडू

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली होती. नववीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मामाकडून गेम बनवायला शिकायचे, हे तिने निघतानाच ठरवून टाकले होते. कोणता गेम, असे विचारल्यावर तिने जे वर्णन केले त्यात एक अख्खे बेट, शंभर खेळाडू, गाड्या, पाऊस आणि ऑनलाइन स्पर्धा असे सगळे होते. मी प्रोग्रामिंगवर पोट भरणारा माणूस आहे, त्यामुळे असा गेम उभा करायला मोठा चमू कित्येक वर्षे राबत असतो, हे तिला सांगणे मला भाग होते. तिचा चेहरा उतरला. तेव्हा माझ्या लक्षात आले की लहानापासून सुरुवात कर, असा नुसता सल्ला देऊन भागणार नाही. लहान गेमच्या पोटात काय काय दडलेले असते, ते तिला तिच्याच हातांनी उलगडू द्यायला हवे. गेम बनवायला सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न मला इतरही अनेक मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून विचारला जातो, म्हणून त्या पंधरा दिवसांत आम्ही काय केले ते येथे लिहीत आहे.

आम्ही 'पाँग' हा जुना व्हिडिओ गेम निवडला: दोन फळ्या, एक चेंडू आणि गुण. १९७२ साली अटारी कंपनीत नव्याने आलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न या अभियंत्याचा हात बसावा म्हणून अटारीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांनी त्याला हे काम दिले होते. म्हणजे ज्या गेममुळे अटारीचे नाव झाले, तो मुळात एका नवख्याचा सराव होता. ही गोष्ट ऐकल्यावर भाचीची नाराजी बरीच ओसरली. मूळ पाँगमध्ये आजच्या अर्थाने प्रोग्राम नव्हताच, सारा खेळ सर्किटच्या जोडणीतून चालत असे. आपल्याला तीच गोष्ट थोड्याशा ओळी लिहून करता येते.

साधनाच्या निवडीत मुले विनाकारण आठवडे घालवतात. वय दहा-बारापर्यंत असेल तर अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २००७ साली सर्वांसाठी खुले केलेले स्क्रॅच घ्यावे. त्यात ठोकळे जोडून प्रोग्राम तयार होतो. त्याहून मोठ्या मुलांसाठी मी गोडो सुचवतो. अर्जेंटिनातील दोन प्रोग्रामरांनी तयार केलेले हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे तयार साधन, २०१४ पासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा प्रोग्राम कोणालाही पाहता आणि बदलता येतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि ते संगणकावर बसवावेही लागत नाही. उतरवून घेतलेली फाइल उघडली की काम सुरू करता येते. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसारखी दिसते. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते, त्यांना मी एवढेच सांगेन की पायथॉनमधले राखीव शब्द, म्हणजे ज्यांचा अर्थ भाषेने आधीच ठरवलेला असतो असे शब्द, अवघे ३५ आहेत आणि सुरुवातीला त्यातले दहा-बाराच लागतात.

पहिल्या दिवशी आम्ही संगणक उघडलाच नाही. आलेख कागदावर पडदा आखला आणि चेंडूच्या जागी शेंगदाणा ठेवला. नववीच्या भूमितीत तिने निर्देशक शिकलेले होते. फरक इतकाच की गोडोमध्ये आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली जाताना 'वाय' वाढतो. मग गेमचा गाभा असलेले चक्र हाताने चालवले: कोणती कळ दाबली आहे ते पाहा, सगळ्या वस्तूंच्या नव्या जागा काढा, चित्र पुन्हा काढा, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सेकंदाला ६० वेळा होते, म्हणजे एका फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. गेममधली हालचाल म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे आहेत, हे शेंगदाणा सरकवताना तिला जेवढे स्पष्ट कळले, तेवढे ते माझ्या बोलण्यातून कळले नसते.

तिसऱ्या दिवशी चेंडू पडद्यावर पळू लागला आणि खरे शिक्षण तेथून सुरू झाले. माझ्या लॅपटॉपवर नीट चालणारा गेम तिने मोठ्या संगणकावर लावला आणि ओरडली, "मामा, हा चेंडू पिसाळलाय!" लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत होता, दुसरा १४४ वेळा, आणि तिने चेंडूला दर फेरीला ५ पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ५ ठिपके, सरकायला सांगितले होते. साहजिकच तेथे चेंडू २.४ पट वेगाने धावत होता. वेग 'दर फेरीला' न मोजता 'दर सेकंदाला' मोजायचा आणि मागच्या फेरीपासून किती वेळ गेला त्याने गुणायचा, हा उपाय तिने स्वतः शोधला. ही गुणायची संख्या गोडो आपल्याला 'डेल्टा' या नावाने आयतीच देते, हे मी तिला त्यानंतर सांगितले. उपायाआधी साधनाचे नाव सांगितले असते तर डेल्टा तिच्यासाठी पाठ करण्याचा आणखी एक शब्द झाला असता.

पुढची अडचण याहून सुंदर होती. आडवा जाणारा चेंडू ठीक वाटे, पण तिरका जाणारा जास्त वेगाने पळे. आडवा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल, उभा वेगही ३००, मग एकूण किती? तिने काटकोन त्रिकोण काढला आणि उत्तर आले सुमारे ४२४. पायथागोरसचे प्रमेय परीक्षेबाहेर कोठे उपयोगी पडते, हा तिचा जुना प्रश्न होता, तो त्या दुपारी सुटला.

त्यानंतर चेंडू फळीच्या टोकाकडून आत शिरला की तेथेच थरथरत अडकू लागला. स्पर्श झाला की दिशा उलट कर, असे तिने लिहिले होते. चेंडू फळीच्या आत असेपर्यंत दर फेरीला दिशा उलटत होती. तिने दर फेरीतली जागा आणि दिशा पडद्यावर छापून घेतली, वहीत उतरवली आणि अर्ध्या तासात कारण पकडले. आता डाव्या फळीला लागलेला चेंडू नेहमी उजवीकडेच जातो. शेवटी, दर टोल्यानिशी वेग वाढवल्यावर चेंडू फळीतून आरपार जाऊ लागला. वेग सेकंदाला १५०० पिक्सेल झाला की एका फेरीत चेंडू २५ पिक्सेल उडी मारतो, आणि चेंडू व फळी यांची रुंदी मिळून २० पिक्सेलच होती. म्हणजे एका फेरीत तो फळीच्या अलीकडे असे, दुसऱ्या फेरीत थेट पलीकडे. तिने वेगावर कमाल मर्यादा घातली. याहून पक्का उपाय दोन जागांमधला मार्ग तपासण्याचा आहे, तो पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे.

व्हिडिओ पाहून ओळीमागून ओळ उतरवणाऱ्या मुलांना या अडचणी भेटत नाहीत, कारण व्हिडिओ करणाऱ्याने त्या आधीच सोडवलेल्या असतात. व्हिडिओ जरूर पाहावा, पण पाहून झाल्यावर तो बंद करून तेच काम न बघता, आठवणीतून करावे. जेथे अडेल तेवढाच भाग पुन्हा पाहावा. पालकांना माझी विनंती आहे की मूल अडले की लगेच उत्तर देऊ नये, किंवा लगेच क्लासही लावू नये. चूक स्वतः पकडल्यावर त्या मुलीच्या तोंडावर जो आनंद मी पाहिला, तो तिच्या वाट्याचा होता.

गेम चालू लागला, तरी खेळायला कंटाळवाणा होता, कारण चेंडू ठरावीक कोनातच परते. अल्कॉर्नने फळीचे आठ भाग केले होते आणि चेंडू ज्या भागाला लागेल त्यानुसार परतीचा कोन बदलत असे. आम्ही तेच केले, आणि आजीसुद्धा दोन डाव खेळली. ती खेळत असताना भाचीला मी गप्प बसवले होते. कोणती कळ दाबायची हे आजीला कळले नाही, तेव्हा सूचना पडद्यावर लिहायला हव्यात, हे भाचीला न सांगता समजले.

सध्या ती विटा फोडण्याचा गेम करते आहे. फळी आणि चेंडू जुनेच आहेत, विटा मात्र पाच ओळींत मिळून ४० आहेत. परवा फोनवर तिने विचारले, "मामा, चाळीस विटांना चाळीस नावं द्यायची का?" अनेक गोष्टी एकाच नावाखाली क्रमांकाने ठेवणाऱ्या यादीला अ‍ॅरे म्हणतात, पण हा शब्द मी तिला अजून सांगितलेला नाही; शाळेच्या हजेरीपटात नावांपुढे क्रमांक का असतात, याचा आधी विचार कर, असे म्हटले आहे.