शुगर, पोट आणि पाचक रसाची कॅप्सूल: माझा अनुभव

शुगर असलेल्या माणसाचं पोट बिघडलं की पहिला आळ मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर येतो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. व्होग्लिबोज या शुगरच्या दुसऱ्या गोळीनं गॅस धरतो, हेही खरंच. म्हणून डॉक्टरांनी आधी व्होग्लिबोज थांबवली, मेटफॉर्मिन सावकाश विरघळणारी दिली. पंधरा दिवसांत फरक नाही, तेव्हा स्वादुपिंडाकडे वळलो. इन्सुलिन आणि अन्नातली चरबी पचवणारा रस, दोन्ही तिथंच बनतात; हा रस कमी पडला की पोट बिघडतं. खूणही वेगळी होती: संडास फिकट, पाण्यावर तेलाचा तवंग, दोन बादल्या ओतल्या तरी भांड्याला चिकटलेली, आणि वजन उतरतंय.

शुगरशी याचा संबंध असा, की इन्सुलिनच्या पेशींकडून येणारं रक्त शेजारच्या पाचक रसाच्या पेशींकडे जातं आणि त्यातलं इन्सुलिन त्यांना पोसतं. ते आटलं की त्याही सुकतात. कधी उलटंही होतं: आधी स्वादुपिंड सुजून खराब होतं, शुगर मागून येते. म्हणून पोटाचा सीटी स्कॅन टाळू नये. वजन घटतंय आणि शुगर नवी आहे, तर गाठ नाही ना हे आधी बघावं लागतं.

तपासणीचं नाव फीकल इलास्टेज. पाचक रसातलं इलास्टेज हे एन्झाइम, म्हणजे अन्न पचवणारा घटक, संडासात किती उतरतं ते यात मोजतात. लातुरात नमुना घेतात, तो तपासायला बाहेरगावी जातो. २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असेल तर ठीक, १०० ते २०० मध्ये शंका, १०० च्या खाली उघड कमतरता. माझा पहिला नमुना वाया गेला. पातळ, पाण्यासारख्या संडासात इलास्टेजही पातळ होतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. देशी संडासात भांड्यातल्या पाण्यात पडू न देता वर कागद धरावा, लघवी मिसळू देऊ नये, घट्ट भागातला वाटाण्याएवढा तुकडा डबीत घ्यावा आणि पोचवेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावा. पाचक रसाची कमी भरून काढणारी कॅप्सूल सुरू असली तरी ही तपासणी करता येते.

कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. माळकऱ्यांच्या घरात, मुस्लिम घरात हे आधीच सांगितलेलं बरं. दुकानातल्या पाचक सिरपमधलं डायस्टेज पिष्ट पचवतं, चरबी नाही.

मला मोठ्या जेवणाला लायपेजची, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमची, ५०,००० युनिटं, म्हणजे २५,००० च्या दोन कॅप्सूल, आणि चिवडा-भज्यांना एक. दिवसाची मर्यादा वजनाच्या किलोमागे १०,००० युनिटं. मेडिकलवाल्यानं पाकिटावर ‘जेवणाआधी अर्धा तास’ लिहून दिलं होतं. ते चुकीचं. एन्झाइम अन्नाबरोबरच आतड्यात उतरलं पाहिजे. पहिली पहिल्या घासाला, दुसरी अर्धी भाकर संपल्यावर. पंगतीत वाढणी लांबते, म्हणून पान वाढलं म्हणून घेऊ नये, घास तोंडात गेल्यावर घ्यावी. चावू नये. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवरचं आवरण फुटलं की तोंड येतं आणि पोटातलं आम्ल एन्झाइम मारून टाकतं. चहा किंवा गरम दुधाबरोबर तर नकोच. आणि शेंगदाण्याची चटणी, करडईचं तेल उगाच बंद करू नये. वजन आणखी उतरतं. एवढं करून तवंग राहिला, तर डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबरच अंगी लागतात, म्हणून ड एकदा तपासून घ्यावं.

खरी गडबड शुगरची होते. आधी अन्न अंगी लागत नव्हतं, त्यामुळे इन्सुलिन घेतल्यावर शुगर अचानक खाली जायची. कॅप्सूल लागू पडली की तेच अन्न पचतं आणि जेवणानंतरची शुगर चढते. पहिले दोन आठवडे जेवणाआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहिलं, त्यावरून डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. भिऊन मीच कॅप्सूल सोडली असती तर पुन्हा तिथंच आलो असतो.

डबी २५ अंशांच्या खाली आणि कोरडी ठेवायची. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलेली डबी मी वापरत नाही.