तुम्ही विचारलेत म्हणून : मोबाइल हातात असताना शिकायचे काय?

दरवर्षी जूनच्या सुमारास, निकाल हाती आलेली मुले आणि त्यांचे पालक मला एकच प्रश्न विचारतात : “सर, आता बातमी मोबाइलवर शूट होते, मोबाइलवरच एडिट होते आणि मोबाइलवरूनच लाइव्ह जाते. मग टीव्ही पत्रकार व्हायला वर्ष-दोन वर्षं शिकायचं तरी काय?” मी सोलापुरात स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे मोबदला घेणारा बातमीदार, म्हणून सुरुवात केली, पुढे मुंबईत डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून नीट करणाऱ्या विभागात, बसलो आणि गेली काही वर्षे पुण्यात शिकवतो आहे. प्रश्न रास्त आहे आणि दोन वाक्यांत उत्तर देऊन मुलांची बोळवण करणे मला बरे वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

यंत्राची बाजू खरोखरच सोपी झाली आहे. मी काम सुरू केले तेव्हा चित्रण मिनी डीव्ही कॅसेटवर होत असे. तालुक्याला जाऊन शूट करायचे, कॅसेटभोवती गुंडाळलेल्या कागदावर शॉटची यादी आणि बाइट देणाऱ्यांची, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेल्यांची, नावे लिहायची, स्टँडवर येऊन रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट सोपवायचे आणि गाडीचा नंबर ऑफिसला फोन करून कळवायचा, म्हणजे पहाटे तिकडचा माणूस ते उतरवून घेत असे. त्या रात्रभराच्या प्रवासात आणखी एक काम आपसूक होत होते, आणि ते तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. कॅसेट पोचेपर्यंत मी पोलीस ठाण्यात पुन्हा फोन करून आकडा पडताळलेला असे, डेस्कवरच्या उपसंपादकाने मला चार अडचणीचे प्रश्न विचारलेले असत आणि संध्याकाळी कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेली एखादी गोष्ट सकाळपर्यंत खोटी ठरून बातमीतून गळालेली असे. पाहणे आणि दाखवणे यांच्यामधले ते अंतर आता उरलेले नाही. पूर्वी एसटी जो वेळ देत होती, तो आज बातमीदाराला स्वतःच्या मनात काढावा लागतो, आणि तो काढायला शिकवणे हाच माझ्या मते आजच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री घाटात एसटी आणि ट्रकची धडक झाली. मी पोचतो न पोचतो तोच वाहिनीने मला फोनोवर, म्हणजे फोनवरून थेट प्रक्षेपणात, घेतले आणि अँकरने मृतांचा आकडा विचारला. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने नुकतेच ‘नऊ’ म्हटले होते. मी ‘नऊ’ सांगून मोकळा झालो. सिव्हिल हॉस्पिटलच्या नोंदवहीत सहा नावे होती. तिथल्या पायऱ्यांवर मला एक बाई भेटल्या. त्यांच्या मुलाने टीव्हीवरचा आकडा ऐकून वडील गेले असे धरले होते, गावाकडे तसा निरोप धाडला होता आणि घरापुढे माणसे जमू लागली होती. त्या बाईंचे यजमान आत वॉर्डात सलाइन लावून पडलेले होते, शुद्धीवर होते, बोलत होते. “आकडा अजून निश्चित नाही, मी हॉस्पिटलकडे निघालो आहे,” एवढे एक वाक्य मी म्हणू शकलो असतो. ते वाक्य कॅमेऱ्यासमोर, कानात डेस्कचा आवाज चालू असताना, न चाचरता म्हणता येण्यासाठी सराव लागतो. आमच्या वर्गात पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांकडून तेच वाक्य वेगवेगळ्या प्रसंगांत वदवून घेतले जाते.

अंतर नाहीसे झाल्याचा परिणाम काय होतो, हे सांगताना मी राईनपाड्याचे उदाहरण देतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षुकीवर जगणाऱ्या डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले लोक होते. त्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक मुळात मुलांच्या सुरक्षिततेसाठी कराचीत तयार झालेली जनजागृतीची फीत होती. मूल परत आणून सोडले जाते तो शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. म्हणून हाती आलेला व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहायचा, दुकानांच्या पाट्यांची लिपी आणि गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायच्या, एकेक फ्रेम काढून ती इंटरनेटवर शोधायची, मग त्या गावच्या पोलीस पाटलाला किंवा ओळखीच्या माणसाला फोन लावायचा, हा क्रम मुलांच्या हातात बसेपर्यंत मी करून घेतो. मोबाइल याही कामाला उपयोगी पडतो, पण तो वापरणाऱ्याला काय शोधायचे ते माहीत असावे लागते.

खरे असूनही दाखवायचे नसते, असेही पुष्कळ असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्या, आणि सीमेपलीकडे बसून हल्लेखोरांना सूचना देणारे लोक तेच पाहत होते. कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून केबल टीव्हीच्या नियमांतच तरतूद आहे की दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत तिचे थेट चित्रण दाखवता येत नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी देता येते. अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करायची नाही, असे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा सांगतो. चेहरा धूसर केला म्हणजे झाले, असे मुलांना वाटते. पण मागे शाळेची पाटी दिसली, आजीचा बाइट घेतला किंवा गल्लीचे नाव उच्चारले, तरी गावात मूल ओळखले जाते. लाइव्हमध्ये ही चूक पुसता येत नाही.

आवाजाविषयी मुले फारशी विचारत नाहीत, पण माझा सर्वाधिक वेळ तिथेच जातो. ‘थोडेसे’ या अर्थाचे ‘जरा’ आणि ‘म्हातारपण’ या अर्थाचे ‘जरा’ लिहायला सारखे असले तरी दोन्हींतला ‘ज’ वेगळा आहे, आणि ऐकणाऱ्यापुढे कागद नसतो. आकड्यांत तर चांगले वाचकही अडखळतात. त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद. म्हणून प्रॉम्प्टरवर, म्हणजे बातमी वाचणाऱ्यासमोर मजकूर सरकत जातो त्या पडद्यावर, महत्त्वाचे आकडे अक्षरांत लिहावेत असा माझा आग्रह असतो. मराठी आकडे जिभेवर नसलेला मुलगा ऐन वेळी इंग्रजीत शिरतो, आणि शेतमालाचे भाव ऐकायला बसलेल्या माणसाचे त्यात नुकसान होते.

रेडिओची ओढ असलेल्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी : आपल्याकडे खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. बातमी वाचायची असेल तर वाट आकाशवाणीकडे जाते, किंवा स्वतःच्या पॉडकास्टकडे.

शिकायचे कुठे, हे ठरवताना पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीचे आयआयएमसीचे (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचे) केंद्र अशी नावे तुमच्यापुढे असतीलच. खासगी संस्थेत प्रवेश घेणार असाल, तर स्टुडिओतले दिवे आणि ग्रीन स्क्रीन पाहून शुल्क भरू नका. तिथे विद्यार्थी रोज बुलेटिन काढतात का, ते विचारा. काढत असतील, तर एक दिवस मागे बसून ते पाहा, आणि बुलेटिन संपल्यावर कोणी अनुभवी माणूस मुलांसोबत बसून “हे तुला कोणी सांगितलं?” असे प्रत्येक बातमीबद्दल विचारतो का, तेवढे बघून या.