डाव्या हाताचा तारा

मार्च आला की डेड स्टॉकची, म्हणजे कायमच्या सामानाची, तपासणी लागते. लातूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी १९ वर्षं परिचर आहे. तपासणीला वाणिज्यचे सर येतात. मेमरी ड्रम म्हणजे स्मरणाच्या प्रयोगात एकेक शब्द दाखवणारं यंत्र, त्यांना तो वाजवायचा ढोल वाटतो. आमचे सर दिवाळीनंतर गेले, म्हणून यंदा त्यांचं कपाट मीच उघडलं.

मिरर ड्रॉइंगच्या आरशाचा कोपऱ्यातला पारा उडालाय. "मोडीत लिहा," वाणिज्यचे सर म्हणाले. पण तारा अख्खा दिसतो की! मधल्या आडपडद्यानं आपला हात झाकलेला असतो. आरशात बघत सहा टोकांच्या ताऱ्याच्या दुहेरी रेघेतून पेन्सिल न्यायची. पहिल्याच वळणाला वर न्यावी तर खाली जाते. आधी डाव्या हातानं एकदा, मग उजव्यानं दहादा, परत डाव्यानं. सराव उजव्याचा, तरी डावाही सुधारतो. रेघेबाहेर गेलं की एक चूक. मोजणारा मी.

कपाटात सरांच्या घरचेच कागद जास्त. प्रत्येक प्रयोग आधी घरी व्हायचा. "मामा, आमच्या घरी माणसं नाहीत, प्रयुक्त राहतात," वहिनी म्हणायच्या. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात तो. लेकीच्या एका कागदावर शेरा आहे : 'भूक लागली होती.'

तळाशी सरांचा स्वतःचा कागद. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेल्यावर वहिनींच्या खांद्याला धरून आले होते. "चाळीस वर्षं उजव्यानं सराव केलाय मामा, बघू डाव्यात किती उतरलाय. घड्याळ लावा." चार मिनिटं लागली. चुका ४१ झाल्या. मी २६ सांगितल्या. त्यांनी डाव्या हातानं वाकडातिकडा आकडा लिहिला.

खरं तर मला कळायला हवं होतं. १९९३ च्या भूकंपानंतर सर पोरांना घेऊन किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडांत जाऊन बसायचे. "खोटा धीर द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं," हे त्यांनी पुढच्या प्रत्येक बॅचला सांगितलं. दाराशी उभं राहून मीही ऐकलंय.

आता कागदावर २६ खोडून ४१ केलंय. प्रत्येक चुकीवर तांबडं टिंब. नंतर एकदा आले तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो, तेव्हाच मोजल्या असणार. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

रजिस्टरात मी 'आरसा चालू' लिहिलं. कागद रजिस्टरात नाहीत, ते वहिनींचेच. लेकीचे देऊन आलो. हा एक अजून माझ्याच खणात आहे. २६ सांगितलं तेव्हा वहिनी तिथंच होत्या, आणि किती हसल्या होत्या.