कोयरीभोवतीची लाल कड

मी सांगलीत घरीच कापड हाताने रंगवून त्यावर ठसे मारायचं काम करते, आणि मागच्या लग्नसराईतला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. एका काकूंनी मुलीच्या हळदीसाठी मलमलचे 22 स्टोल सांगितले होते, अट एकच, रंग खऱ्या हळदीचाच पाहिजे. इथल्या हळदीला तर 2018 मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, सांगलीत राहून हळदीला नाही कोण म्हणणार, हौसेने ऑर्डर घेतली.

कापडाची खळ धुण्याच्या सोड्यात उकळून काढली, चार पाण्यातून खळबळलं आणि मग हळदीच्या गरम पाण्यात घातलं. वाळवलं सावलीतच, कारण हळद उन्हात फार लवकर उडते. पिवळाधम्मक रंग आला होता, नुसतं बघत बसावं असा. सकाळी टेबलावर घोंगडी आणि चादर ताणली, गुजरातमधल्या पेठापूरहून आणलेला सागवानी कोयरीचा ठसा काढला आणि पांढऱ्या फॅब्रिक पेंटने सुरुवात केली. मी ठसा ठेवून वरून मुठीने एक ठोका द्यायचा, मदतीच्या मावशी पलीकडून कापड सरकवायच्या. पहिला स्टोल झाला, दुसरा निम्मा झाला आणि मावशी म्हणाल्या, "ताई, जरा थांबा. कडा लाल पडल्यात बघा."

बघते तर प्रत्येक कोयरीभोवती केसाएवढी विटकरी कड, आणि शेपटाकडे जिथे पेंट जास्त बसलं होतं तिथे ती तांदळाएवढी रुंद. माझ्या पोटात गोळाच आला. आधी वाटलं ठशात जुना लाल रंग राहिलाय, म्हणून ब्रशने घासून धुतला आणि पांढऱ्या चिंधीवर मारला, तर स्वच्छ पांढरा. मग वाटलं कापडात सोडा राहिला असेल, पण तसं असतं तर अख्खा स्टोल लाल झाला असता, फक्त कोयरीची कड नाही. मावशी शांतपणे म्हणाल्या, "हळदीच्या डागाला साबण लावला की असंच होतं की ओ."

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पेंटचा डबा नाकाशी धरला तर तो नाकात झोंबणारा वास, अमोनियाचा. अशा पेंटच्या बाइंडरमध्ये, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या भागात, तो बऱ्याचदा असतो आणि हळदीला सोडा, साबण, अमोनिया असं अल्कधर्मी काही लागलं की ती लाल होते, चुना लागला की होते तशीच. कापसाची काडी लिंबाच्या रसात बुडवून कडेवर टेकवली, डोळ्यांदेखत पिवळं! आणि दुसरा स्टोल काही न करता पंख्याखाली टाकला होता, तोही तासाभरात आपोआप पिवळा झाला, अमोनिया उडून गेला ना. सॅम्पल मी पांढऱ्या मलमलवर केलं होतं, तिथे हे दिसणारच कसं. आता ज्या कापडावर छापायचं त्याच रंगवलेल्या कापडाच्या तुकड्यावर पेंट लावून वाळेपर्यंत बघते, त्याशिवाय ठसा उचलत नाही.

पण खरा प्रश्न पुढेच होता, हे स्टोल कोणीतरी धुणार. छपाई थांबवून काकूंना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं, साबण लागला तर लाल होणार, उन्हात फिकं पडणार, हवं तर तोच पिवळा पक्क्या केमिकल रंगात करून देते. काकू म्हणाल्या, "अगं, खरी हळद म्हटल्यावर साबणाला लाल होणारच की. तू कर तसंच."

मग रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघींनी 22 च्या 22 संपवले, दुसऱ्या दिवशी पेंट पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवली आणि प्रत्येक घडीत हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवली: नुसत्या पाण्यात धुवा, साबण नको, लाल पडलं तर शेवटच्या पाण्यात लिंबू पिळा.

हळदीच्या दिवशी काकूंनी फोटो पाठवला. सगळ्या मुली ओळीने उभ्या, स्टोल खांद्यावर, आणि मधल्या एका चिमुरडीच्या स्टोलचं टोक चांगलं कुंकवासारखं लाल झालेलं, बहुतेक तिने साबणाचे ओले हात त्यालाच पुसले असणार.