तुम्ही विचारलंत म्हणून: कामात लक्ष असतं का माझं?

लग्नात, दहाव्याला, औषधाच्या दुकानाच्या बाकावर, कुठेही भेटलं की एकच प्रश्न. "द्राक्षबागेत दिवसभर कानात इअरफोन घालून पुस्तकं ऐकत असतेस, कामात लक्ष असतं का?" मैत्रिणी सहज विचारतात. भाऊबंद विचारतात तेव्हा त्यांच्या मनात नानांची, माझ्या सासऱ्यांची, गोष्ट असते, हे मला कळतं. आजवर टाळलं. आज सांगते.

असतं लक्ष. थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी कापणं, तुम्हीही करता, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही. निर्यातीचा मणी 16 मिलिमीटरच्या वर भरायचा तर घडातली गर्दी कात्रीनं काढावीच लागते. दिवसभर मान वर, हात खांद्याच्या वर. तिसऱ्या दिवशी बोटं आपली आपण चालायला लागतात आणि डोकं रिकामं होतं. माझं रिकामं डोकं सरळ सोसायटीच्या कर्जाकडे जातं, नाहीतर मागच्या सालच्या बुडालेल्या पैशांकडे. मग कात्री रागानं चालते आणि घडाची पाकळीच्या पाकळी, म्हणजे मण्यांचा अख्खा फाटा, खाली येते. कानात कुणी गोष्ट वाचून दाखवत असेल तेव्हा असं होत नाही.

आणि सगळीकडे मी ऐकत नाही. छाटणीला काडीवरचे डोळे मोजायचे असतात, तेव्हा फोन घरी. डोळे फुटायला काडीला पेस्ट लावताना नाही, फवारणीला नाही. निंदणी, फेल म्हणजे नको ते फुटवे काढणं, थिनिंग, एवढंच. दहावीला शाळा सुटली ती सुटली. पुस्तकं वाचून ऐकवणारं स्टोरीटेल ॲप 2017 साली भारतात आलं, मराठी पुस्तकंही आली, आणि पुढे माझ्या हातात फोन आला तेव्हा मला पुन्हा पुस्तकं मिळाली. रात्री घरी उतरवून घ्यायची, कारण वेलींच्या मांडवाखाली रेंज नसते.

"ऐकणं म्हणजे काय वाचणं?" असं म्हणणाऱ्यांना मी पूर्वी तावातावानं सांगायचे की श्रावणात पोथी एकजण वाचायचा आणि सगळी आळी ऐकायची, त्यांना कुणी अडाणी म्हटलं का? जात्यावरच्या ओव्यांचा दाखला द्यायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या सगळ्या काम करता करताच म्हटलेल्या. हे सगळं खरं आहे. पण मी एक गोष्ट सोयीनं गाळत होते. ओवी बाई स्वतः म्हणायची. शेतात मिळून भलरी म्हणताना एकीनं ओढलं की दुसरी उचलायची. मी गप्प ऐकते, आणि शेजारच्या ओळीतल्या, पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या टोळीतल्या बाया काय बोलतात ते मला ठाऊक नसतं. तेव्हाही नव्हतं.

तो डिसेंबर होता. टोळी बागेच्या वरच्या टोकाला चहाला बसली होती. मी एकटी मधल्या ओळीत, दोन्ही कानात घालून. कादंबरी रंगात आली होती, म्हणून चहाला गेले नाही. नाना ड्रिपचा व्हॉल्व्ह बदलायला खालच्या बाजूला गेले. चारीत पाय गेला आणि ते खुब्यावर पडले. माझ्यापासून आठ-नऊ ओळी.

मी घड संपवला. दुसरा घेतला. खाली पडणारे हिरवे मणी पावलांवर टपटपत होते, ते मला अजून आठवतं. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण धडा संपून पुढचा सुरू झाला होता. मग टोळीतली एक बाई वाकत वाकत ओळीत शिरली आणि तिनं माझा दंड धरला. तिचे ओठ हलताना दिसले. कानातलं काढलं तेव्हा "म्हातारा कवाचा हाका मारतो" एवढंच ऐकू आलं.

नानांच्या तोंडाला माती लागली होती. पिकअपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नाशिकला दवाखान्यात दिरांनी विचारलं, "हिला हाक नाही मारली?" नाना म्हणाले, "नाही, मीच नाही मारली." हे बोलताना आवाज फुटत नव्हता त्यांचा. घसा पूर्ण बसला होता. खोलीतल्या सगळ्यांना तो बसलेला घसा ऐकू आला. कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आणखी एक सांगते, हे घरातही कुणाला माहीत नाही. ऑपरेशननंतर चौथ्या रात्री, दवाखान्याच्या जिन्यात बसून, मी ती कादंबरी पुरी केली. राहवलं नाही.

त्यानंतर एकच कान लावायचा असं ठरवलं. महिनाभर पाळलं. पण शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की एका कानानं वाक्य लागत नाही, आणि हात दुसऱ्या कानाकडे जातोच. चूक आहे का? आहे. सोडणार का? सकाळी विचारलंत तर हो म्हणेन. दुपारी तीन वाजता, मान आखडलेली असताना आणि अजून बारा ओळी उरलेल्या असताना विचारलंत, तर नाही.

नाना आता काठी घेऊन बांधावर खुर्चीत बसतात. हाक मारत नाहीत. काही हवं असलं की ओळीच्या टोकाच्या लोखंडी अँगलवर काठी आपटतात. मांडवाची तार थरथरते आणि तो थरथराट घडातून माझ्या बोटांत येतो. ही युक्ती त्यांची त्यांनीच काढली, मला कधी सांगितली नाही. तार हलली की मी दोन्ही कानांतलं काढून खाली वाकून बघते. वाऱ्यानंही तार हलते. तेव्हाही बघते.