तिसांच्या यादीबाहेर: लेकीच्या कॉलेज स्विमिंगचा माझा अनुभव

१५ जून २०२३ ची ती रात्र. बारा वाजता माझी धाकटी लेक फोन हातात धरून जिन्यावर बसली होती. अमेरिकेत बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कॉलेजच्या कोचने मुलांशी स्वतःहून बोलायचं नसतं. ना फोन, ना मेसेज. बारा वाजून चार मिनिटांनी पहिला मेसेज आला आणि सकाळपर्यंत सात झाले. ती ब्रेस्टस्ट्रोक पोहते. आठव्या वर्षापासून पहाटे साडेचारला मी तिला पूलवर सोडत आले आहे. न्यू जर्सीच्या जानेवारीत पूलपासून गाडीपर्यंत येताना तिचे ओले केस काड्यांसारखे कडक होतात. ते सात मेसेज पाहून मला रडू आलं.

मी कोल्हापूरची. आमचा वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला पोहायला गेला तेव्हा सगळं शहर त्याच्याबद्दल बोलत होतं. पुढे राज्य सरकारने त्याला तहसीलदार केलं. आपल्याकडे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे खेळाचं फळ म्हणजे नोकरी हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथे ते फळ कॉलेजच्या फीमध्ये मिळतं, म्हणजे स्कॉलरशिपमध्ये. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या जुन्या नियमांप्रमाणे पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या विभागातल्या मुलींच्या स्विमिंग संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या, आणि कोच त्यांचे तुकडे करून पंचवीस-तीस जणींत वाटायचे. कोणाला अर्धी फी, कोणाला पाव.

पैशांची दुसरी वाट १ जुलै २०२१ पासून उघडली होती. त्या दिवसापासून खेळाडूला आपलं नाव, फोटो, ओळख वापरू देण्याचा मोबदला घेता येऊ लागला. इथे सगळे त्याला एनआयएल म्हणतात. त्याच्या दहाच दिवस आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंना शिक्षणासाठी मिळणाऱ्या लाभांवरच्या मर्यादांबद्दलच्या अल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला होता. खेळाडूंच्या घामावर विद्यापीठं टीव्हीचे करार करणार, कोच लाखोंनी पगार घेणार, आणि पोरांनी मात्र ‘हौशी’ राहायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. पुढे आमच्यावर जे आलं त्यानंतरही माझं हे मत तसूभर बदललेलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये लेकीने एका मोठ्या विद्यापीठाला होकार दिला. नाव लिहीत नाही. ऑफिशियल व्हिजिट झाली होती. त्यात मुलीचा प्रवास, राहणं, जेवण सगळं विद्यापीठ बघतं. कोचने संघासमोर तिच्या नावाच्या टाळ्या वाजवल्या. चाळीस टक्के फी माफ होणार होती. सगळं तोंडी. पहिल्या विभागात स्कॉलरशिपची लेखी ऑफर बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी देताच येत नाही. आम्हीही शब्दावर विश्वास ठेवला, कारण सगळेच ठेवतात.

त्याच महिन्याच्या शेवटी टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या महाधिवक्त्यांनी एनसीएएवर खटला भरला. होकार देण्याआधी मुलाशी एनआयएलच्या पैशांबद्दल बोलायला एनसीएएची बंदी होती, तिला हे आव्हान होतं. २३ फेब्रुवारीला न्यायालयाने त्या बंदीची अंमलबजावणी थांबवली. बातमी आमच्या मराठी मंडळातही पोहोचली आणि दर शनिवारी कोणी ना कोणी विचारायचं, “मग हिला किती मिळणार?”

हिला काहीच मिळणार नव्हतं, आणि त्याचं कारण पोहण्यात नव्हतं. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची रांग कधी संपेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि लेक सात वर्षांची असल्यापासून एच-४ या त्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर. एच-४ वरच्या मुलाला शिकता येतं, स्कॉलरशिप घेता येते, पण कमाई करता येत नाही. आमच्या भागातल्या पोहण्याच्या सामानाच्या दुकानदाराने तिला विचारलं होतं: नव्या गॉगल्सचे तीन फोटो टाक, ८०० डॉलर देतो. तिने मोठ्या आनंदाने घरी येऊन सांगितलं. मी वकिलांना फोन केला. त्यांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. ही कमाईच धरली जाईल आणि पुढे व्हिसाच्या प्रत्येक कागदावर तिचा जाब द्यावा लागेल. तिच्याच लेनमधल्या मैत्रिणीने ते फोटो काढले. लेक तिला फोटोसाठी केस बांधायला मदत करत होती. मी बाकावर बसून पाहत होते.

मे २०२४ मध्ये ‘हाउस’ खटल्यात तडजोडीची घोषणा झाली. ग्रँट हाउस हा अ‍ॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू, त्याने २०२० मध्ये एनसीएएवर भरलेला हा दावा. तडजोडीत जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई होती. शिवाय २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठ आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकणार होतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मला आनंदच झाला. बारीक अक्षरातलं एक कलम मात्र मी तेव्हा वाचलं नाही. स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा जाऊन तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा येणार होती: फुटबॉलला १०५, मुलींच्या स्विमिंग आणि डायव्हिंगला मिळून ३०. ज्या संघात आमची लेक जाणार होती त्यात अडतीस जणी होत्या.

१ ऑगस्ट आला. लेखी ऑफर आली नाही. तडजोडीचं स्पष्ट होऊ दे, मग कागद पाठवतो, असं कोच म्हणत राहिले. ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तडजोडीला प्राथमिक मंजुरी दिली आणि एनसीएएने नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने विद्यापीठाशी करारावर सही करायची जुनी पद्धतच बंद केली. तेव्हाच आम्ही खडबडून जागं व्हायला हवं होतं.

वसुबारसेच्या संध्याकाळी फोन आला. मी दाराशी पणत्या लावत होते. कोच वाईट वागले नाहीत, त्यांचाही आवाज जड होता. नऊ नव्या मुली घ्यायच्या होत्या, आता पाचच घेता येतील, आणि आमची लेक त्या पाचात नाही. तिने “थँक यू, कोच” म्हटलं, फोन ठेवला आणि म्हणाली, “आई, तू पणत्या लाव ना, वाऱ्याने विझतायत.” रात्री तिच्या खोलीतून हुंदक्यांचा आवाज आला तेव्हा मी जाऊन नुसती तिच्या शेजारी पडून राहिले.

कॉलेज प्रवेशाच्या ‘अर्ली’, म्हणजे लवकर करायच्या अर्जांची मुदत १ नोव्हेंबर, म्हणजे हाताशी चार दिवस. तिने बाकी कुठेच अर्ज केला नव्हता, आणि ही चूक पूर्णपणे आमची होती. तोंडी होकार झाला तरी अभ्यासाच्या बळावर चार-पाच ठिकाणी अर्ज तयार ठेवायला हवेत, जिथे पोहणं नसलं तरी शिकायला आवडेल अशा ठिकाणी. एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे तिचे १६ मुख्य विषय आणि हौशीपणाची नोंद व्यवस्थित होती, तेवढी एक धावपळ वाचली.

दुसऱ्या फेरीत मी स्वतः प्रत्येक कोचशी बोलले. आधी वाटायचं, आईने मध्ये पडू नये, मुलीनेच बोलावं. आता मी ठरवलं की खेळाचं ती बोलेल आणि कागदांचं मी. आज संघात किती जणी आहेत आणि मे महिन्यात किती पदवी घेऊन बाहेर पडतील, हे पहिल्याच फोनवर विचारायचे. तुमचं विद्यापीठ तडजोडीत सामील होणार आहे का? कारण जे सामील होणार नाहीत त्यांना ३० ची मर्यादा लागू नव्हती. पैसे एका वर्षाचे की चार वर्षांचे? दुखापत झाली तर? आणि बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी ईमेल: आज आपलं असं असं ठरलं, मला बरोबर समजलं आहे ना? काही कोचनी उत्तरच दिलं नाही. तेही एक उत्तरच होतं.

फेब्रुवारीत एका लहान विद्यापीठाने पंचवीस टक्के देऊ केले. लेखी, सहीसकट. शिवाय गुणांवर मिळणारी स्कॉलरशिप वेगळी. फक्त एक काटा होता: तडजोडीत जायचं की नाही हे त्यांचंही ठरलेलं नव्हतं, आणि संघात एकतीस जणी झाल्या होत्या.

एप्रिलमध्ये देशभरातल्या अशा मुलांनी आणि पालकांनी न्यायालयाला पत्रं लिहिली. मीही रात्री दोनपर्यंत बसून एक पान लिहिलं. न्यायाधीश विल्केन यांनी तो मुद्दा उचलून धरला. या मर्यादेमुळे ज्यांच्या जागा गेल्या त्यांची सोय करा, त्याशिवाय मंजुरी नाही, असं त्यांनी बजावलं. ६ जून २०२५ ला अंतिम मंजुरी आली ती या सोयीसकट. ज्या खेळाडूची जागा ३० च्या हिशोबामुळे गेली, किंवा जिला २०२५-२६ साठी जागेचं आश्वासन देऊन ते मागे घेतलं, तिचं नाव विद्यापीठाने एका खास यादीत घालायचं. ते नाव मग संघाच्या मर्यादेत मोजलं जात नाही. आणि मला ओळ न ओळ वाचल्यावर कळलेली गोष्ट अशी, की ही सवलत मुलीबरोबर जाते. ती कुठल्याही विद्यापीठात गेली तरी मोजली जात नाही.

पण नाव घालायचं जुन्या विद्यापीठाने, तेही महिन्याभरात. आपल्याला ज्यांनी नाकारलं त्यांच्याकडेच जायचं. लेक नको म्हणाली. “आता त्यांचं काही मागायचं नाही मला.” दोन दिवस मी काही बोलले नाही. मग तिच्यासमोर बसून म्हटलं, “हे उपकार नाहीत बाळा, तुझीच जागा आहे ही.” मग तिने स्वतः ईमेल लिहिला. मी त्याला जोडलं ते इतकंच: होकाराच्या दिवशी कोचने पाठवलेला अभिनंदनाचा मेसेज, त्यांच्याच संघाने तेव्हा टाकलेली पोस्ट, आणि वसुबारसेच्या फोननंतर मी पाठवलेल्या ईमेलला कोचचं दोन ओळींचं उत्तर, ज्यात कारण म्हणून संघाची मर्यादा स्पष्ट लिहिली होती. तो ईमेल मी तेव्हा फक्त मन शांत करायला पाठवला होता.

बारा दिवस काही नाही. मी दोनदा त्यांच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियमांचं काम बघणाऱ्या ऑफिसला, फोन केला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका वाक्याचं उत्तर आलं की नाव यादीत घातलं आहे. लेकीने ते नव्या कोचला पाठवलं. त्यांचा पाच मिनिटांत फोन आला, स्पीकरवर ते मोठ्याने हसत होते. मग ती उठली आणि पोहायला गेली.

२०२८ मध्ये ती एकवीस वर्षांची होईल. ग्रीन कार्ड आलं नाही तर एच-४ संपेल आणि तिला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, त्याची तयारी आत्तापासून सुरू आहे. तो एका वाक्याचा ईमेल मी छापून घेतला. तिचा पासपोर्ट, आय-९४ आणि एच-४ ची मंजुरी ज्या निळ्या फाइलमध्ये आहे, त्यातच तो लावला आहे.